गाव करी ते राव न करी

आज आम्ही तुम्हाला एका खेळाची गोष्ट सांगणार आहोत. खेळ आपल्या मुलखातला नाही. तो आहे आयर्लंडचा, म्हणजे इंग्लंडच्या शेजारच्या बेटावरचा. त्याचं नाव गेलिक फुटबॉल. ज्यांच्या हातात ना पैसा होता ना सत्ता, अशा लोकांनी हा खेळ खेळायला गावोगाव मंडळं उभी केली. ती मोडली, आणि पुन्हा उभी राहिली. बचत गट चालवणाऱ्या बायांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आधी खेळ समजून घेऊ. चेंडू गोल असतो. तो पायाने मारायचा आणि हातातही घ्यायचा. मात्र चेंडू हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. मग एक तर टप्पा द्यायचा, नाही तर चवड्याने उडवून परत हातात घ्यायचा. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन उंच खांब आणि मधे आडवी दांडी असते. दांडीखालून चेंडू गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एरवी एक गुण.

आता तेव्हाचं आयर्लंड कसं होतं ते ऐका. राज्य इंग्रजांचं. जमीन बड्या जमीनदारांची, आणि कसणारी माणसं खंड भरणारी कुळं. गरिबाचं पोट बटाट्यावर. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि पुढची काही वर्षं पीक हातचं गेलं. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगराईने मेली, आणि तितकीच देश सोडून गेली. ज्या वाड्यांवर सणावाराला खेळ रंगायचे, तिथली घरंच ओस पडली. मग खेळायला पोरं कुठून येणार?

याच दुष्काळात, १८४७ साली, क्लेअर जिल्ह्यात मायकल क्युसॅक जन्मले. पुढे ते शिक्षक झाले. त्यांना एक गोष्ट खुपत होती. शर्यती आणि खेळ भरवणाऱ्या संस्था साहेबलोकांच्या होत्या, आणि हाताने काम करणाऱ्या मजुराला, कारागिराला त्यात शिरकाव नव्हता. तेव्हा १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी जिल्ह्यातल्या थर्ल्स गावी, हेज नावाच्या हॉटेलात एक बैठक झाली. हजर असलेल्यांत सात जणांची नावं नेहमी सांगितली जातात. इतक्या मोजक्या माणसांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केली. अध्यक्ष झाले मॉरिस डेव्हिन, शेतकरी आणि नावाजलेले खेळाडू. धर्मगुरू आर्चबिशप क्रोक यांनी आश्रयदाते व्हायचं मान्य केलं.

थर्ल्सची बैठक हे फक्त बी होतं. पीक आलं ते गावोगाव. वसईत, गोव्यात चर्चच्या परिसराला पॅरिश म्हणतात, तसा आयर्लंडमध्येही एका चर्चभोवतीच्या वाड्या-वस्त्यांचा पॅरिश असतो. एका पॅरिशचा एक क्लब, असा शिरस्ता पडला. ज्या मातीत राहायचं, त्याच मातीच्या नावाने खेळायचं. सामने ठेवले रविवारी, कारण कष्टकऱ्याला मोकळा दिवस तेवढाच. क्लबला नावं दिली देशासाठी लढलेल्यांची: वुल्फ टोन, सार्सफिल्ड, एमेट. थोड्याच वर्षांत असे शेकडो क्लब निघाले.

पूर्वी फुटबॉल म्हणजे दोन गावांची झोंबाझोंबी होती. शेतं तुडवत, कुंपणं ओलांडत, कितीही जणांनी खेळायचं. १८८५ साली नियम लिहिले गेले. एका बाजूला चौदा ते एकवीस खेळाडू, वेळ एक तास. मागून ढकलायचं नाही, मागून पाय घालून पाडायचं नाही, डोक्याने धडक द्यायची नाही. हे लिहावं लागलं, म्हणजे त्याआधी काय चालत असेल ते तुम्हीच ओळखा!

१८८७ साली देशभराची स्पर्धा ठरली. जिल्ह्यात जो क्लब जिंकेल, तोच जिल्ह्यातर्फे उतरायचा. अंतिम सामना मात्र २९ एप्रिल १८८८ ला डब्लिनजवळ क्लॉन्स्की इथे झाला. लिमरिकच्या कमर्शियल्स क्लबने डंडाकच्या यंग आयर्लंड्सना हरवलं. हे कमर्शियल्स कोण? कापडदुकानांत नोकरी करणारी पोरं! देशातला पहिला विजेता संघ दुकानातल्या नोकरांचा होता.

पण बाई, जिथे चार माणसं जमतात तिथे राजकारण येतंच. खुद्द क्युसॅक यांना दोन वर्षांच्या आत चिटणीसपद सोडावं लागलं. पत्रव्यवहार आणि हिशेब वेळेवर नाही, वर जीभ तिखट, अशा तक्रारी होत्या. संस्थापक असला तरी हिशेब चुकत नाही, हे त्या सभेने दाखवलं. पुढे १८८७ च्या सभेत क्रांतिकारकांचा गट आणि धर्मगुरू यांचं बिनसलं. मग १८९० मध्ये आयरिश पुढारी पार्नेल यांच्यावरून सारा देश दुभंगला. संस्था पार्नेल यांच्या बाजूला, बहुतेक धर्मगुरू विरोधात. एकाच पॅरिशमध्ये, एकाच घरात दोन तट पडले. त्यातच तरुण पोरं कामासाठी जहाजात बसून परदेशी जात होती. कितीतरी क्लब बंद पडले.

पुन्हा उभारी आली ती १९०० च्या आसपास. नवे कार्यकर्ते आले. जिल्ह्याच्या आणि प्रांताच्या समित्यांची घडी बसली. संघातली माणसं एकवीसवरून सतरा आणि १९१३ मध्ये पंधरा झाली, त्यामुळे खेळ मोकळा आणि बघण्यासारखा झाला. त्याच साली क्रोक यांच्या स्मरणार्थ सामने भरवले. तिकिटाच्या पैशातून डब्लिनमधली जागा विकत घेतली. तेच आजचं क्रोक पार्क, ऐंशी हजारांवर माणूस बसेल एवढं. आणि आजही तिथे खेळणाऱ्याला खेळायचा पगार नाही. तो सोमवारी शाळेत शिकवतो किंवा गाई दोहतो, आणि रविवारी गावासाठी उतरतो.

आता आपला प्रश्न. या सगळ्यात बाया कुठे होत्या? मजुराला दार उघडणाऱ्या संस्थेने बाईला उंबऱ्याबाहेरच ठेवलं. १९०४ साली डब्लिनच्या बायांनी स्वतःचा खेळ उभा केला, कॅमोगी, हातात काठी घेऊन खेळायचा. पण फुटबॉलसाठी आणखी सत्तर वर्षं गेली. १९७४ च्या जुलैमध्ये महिलांची फुटबॉल संघटना स्थापन झाली. कुठे? थर्ल्सच्या त्याच हेज हॉटेलात. सुरुवातीला जिल्हे फक्त चार होते. त्याच वर्षी पहिली स्पर्धा झाली आणि टिपरेरीच्या मुली जिंकल्या. २०१९ मध्ये महिलांचा अंतिम सामना बघायला क्रोक पार्कात ५६ हजारांवर माणूस जमला.

मैत्रिणींनो, आम्हाला यातून तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. संस्था एका माणसाच्या नावावर टिकत नाही. ती गावाची झाली तरच टिकते. हिशेब सगळ्यांनाच द्यावा लागतो, सुरू करणाऱ्यालाही. आणि ज्यांना कोणी दाराबाहेर ठेवलं होतं, तेही आपलं दार दुसऱ्यासाठी बंद करू शकतात. म्हणून येत्या बैठकीत एक काम करा. वहीतली नावं वाचा, आणि गावातल्या कुठल्या वस्तीतलं, कुठल्या घरातलं नाव त्यात नाही ते बघा. एकटी राहणारी असेल, मजुरीला जाणारी असेल, नवीन सून असेल. तिला बोलवायला कोण जाणार, तेही त्याच बैठकीत ठरवा.

पुढच्या भागात भेटू. राम राम.