टाऊन हॉलमध्ये आपलं काय आहे?



सीपीआरसमोरची टाऊन हॉलची बाग आपल्याला नवी नाही. पेशंटला ॲडमिट करायचं आणि झाडाखाली भाकरी सोडून बसायचं. पण मागच्या दगडी इमारतीत आपल्यातल्या किती जणी गेल्यात? इमारत १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेली. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली उत्खनन झालं, आणि तिथल्या वस्तूंसाठी १९४६ साली हे संग्रहालय सुरू झालं. पुढे ते इथं आलं.

रोमन बनावटीची पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती ही तिथली मानाची वस्तू. पाहावीच. (तोफाही आहेत, पोरांना आवडतात.) पण त्याच टेकाडातून मणी निघाले, बांगड्यांचे तुकडे निघाले. तलवार दिसली की कुणाची, असं आपण लगेच विचारतो. बांगडीला तो प्रश्न कुणी विचारत नाही.

आता आपल्या कामाचं बोलते. केंद्रात आलेली बाई म्हणते, "ताई, घरातलं भांडण चव्हाट्यावर न्यायची आमच्याकडं रीत न्हाई." याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली बाईला क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. देशात ४९८-अ यायला १९८३ उजाडलं, आणि घरगुती हिंसाचाराचा कायदा तर २००५ चा! हा १९१९ चा कायदा संग्रहालयात मोठ्या अक्षरांत लावा, अशी मागणी आपण करायला हवी. बागेत बसलेल्या बाईला तो वाचता आला पाहिजे. समोरच्याच दवाखान्यात, तो आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होता तेव्हा, डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी काम केलं. त्यांचं नावही तिथं वाचायला मिळावं.

दुसरी गोष्ट घाईची आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या घरांतल्या ट्रंका भिजल्या. लग्नाचे फोटो, शाळेचे दाखले, पत्रं यांचा लगदा झाला. बायकांचा इतिहास असतो तो असाच, ट्रंकेत. सरकारी दप्तरात तो फारसा सापडायचा नाही.

म्हणून गटाची पुढची बैठक टाऊन हॉलच्या बागेत घेऊ, आणि आधी सगळ्या मिळून आत जाऊन येऊ. येताना आईची, सासूची, आजीची एखादी वस्तू आणा. ती द्यायची नाही, घरी परत न्यायची आहे. फोटो काढू, वस्तू कुणाची, कधीची, ते वहीत लिहू. नाव मात्र त्या बाईचं स्वतःचं सांगा, 'अमक्याची बायको' नको.