सहा महिन्यांचें काम, पुढें काय ?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



आजचा विषय पोटाचा आहे, म्हणून पाल्हाळ लावीत नाहीं. सरकार बेकार माणसास थोड्या दिवसांचें काम देतें, थोडें शिक्षणहि देतें. तें घ्यावें तर कसें, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

प्रथम आपल्या घरची गोष्ट. १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें वि. स. पागे यांनीं प्रयोग करून पाहिला : ज्याला काम पाहिजे त्याला गांवाजवळच काम द्यावयाचें. पुढें १९७२-७३ चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरें कवडीमोलानें गेलीं, आणि लाखों माणसें, बायापुरुष, खडी फोडावयास बसलीं. त्या दुष्काळांत रोजगार हमीनें मूळ धरलें. १९७७ सालीं कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. खर्चासाठीं पगारदार व धंदेवाईक यांच्यावर व्यवसाय कर बसला. म्हणजे मुंबईच्या कचेरींतल्या पगारांतून आमच्या पाझर तलावाची माती निघूं लागली !

या कायद्यांतील मर्म ध्यानांत घ्या. मजुरानें काम मागितलें कीं पंधरा दिवसांत तें द्यावें, न दिल्यास भत्ता द्यावा, असें त्यांत लिहिलें होतें. काम मागणें ही भीक नव्हती, हक्क होता. बाई व पुरुष यांना दर एकच, म्हणून बाया मोठ्या संख्येनें आल्या. उणेपणा पुष्कळ होता. मोजमाप उशिरां, पैसे उशिरां, हजेरीपटावर खोटीं नांवें. परंतु भांडावयास पायाखालीं कायद्याची जमीन होती.

आतां दुसरी तऱ्हा पाहा. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. १८ ते ३५ वर्षांच्या मुलामुलींनीं कचेरींत, शाळेंत, कारखान्यांत सहा महिने काम शिकावयाचें. विद्यावेतन बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय वा पदविका असलेल्यास ८,०००, पदवीधरास १०,०००. २०२५ सालीं मुदत पांच महिन्यांनीं वाढविली. मग तीहि संपली, आणि मुलें "आम्हांस कायम करा" म्हणत रस्त्यावर आलीं. योजनेंत कायम नोकरीचें वचन नव्हतें, हें खरें. पण जेथें शिक्षकाची जागा रिकामी आहे, तेथें एखाद्या मुलीनें अकरा महिने वर्ग सांभाळला, तर ती शिकत होती कीं शिकवीत होती ? बैल औताला जुंपावा आणि तो चालावयास शिकतो आहे असें म्हणावें, तशांतला हा प्रकार. रोजगार हमींत निदान कामाला काम म्हणत.

कारूनारू मंडळींसाठीं २०२३ सालीं केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना निघाली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी असे अठरा धंदे तींत धरले. पांच-सात दिवसांचें शिक्षण, दिवसाला ५०० रुपये, हत्यारांस १५,००० पर्यंत मदत, आणि शेंकडा ५ व्याजानें पहिलें कर्ज एक लाखापर्यंत. हत्यारें अवश्य घ्यावींत. कर्जहि घ्यावें, पण हप्ता आधीं बोटांवर मोजून; सावकारापेक्षां स्वस्त म्हणून फुकट नव्हे. मात्र लोहाराच्या पोरानें लोहारच व्हावें अशी गांठ कोणीं मनांत बांधूं नये. भाता त्याला जन्मापासून ठाऊक आहे. त्याला विजेची मोटार दुरुस्त करणें शिकूं द्या, आणि त्याच्या बहिणीलाहि.

तेव्हां पोरगें अशा कामावर जाईल त्या दिवशींच विचारा : काय शिकविणार, कोण शिकविणार, दाखला कोणाच्या सहीचा, पैसे कोणत्या तारखेस खात्यावर पडणार ? उत्तर मिळालें नाहीं तर लेखी मागा. तोंडी उत्तर देणारा साहेब बदलून जातो.

ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनीं हजेरीचे कागद व बँकेचें पुस्तक घेऊन उद्यां चावडीवर यावें. अर्ज लिहून देण्यास आमचे दोघे गडी सकाळपासून बसतील.