दौर सुटला की पारा सुटतो



तुमच्यापैकी हिफ्ज कोणी केलंय? चार-पाच हात दिसतायत. मी साडेतीन पाऱ्यांवरच थांबलो. पण आमचे उस्ताद म्हणायचे, दौर सुटला की पारा सुटतो. पक्का हाफिजसुद्धा रमजानमध्ये तरावीहच्या आधी दिवसभर पारा घोळवत बसतो, तो याचसाठी.

याचं कारण मेंदूत आहे. दोन चेतापेशींच्या मध्ये अगदी बारीक फट असते. एक पेशी रसायन सोडते, दुसरी ते टिपते. या जोडाला सिनॅप्स म्हणतात. 1973 मध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूवर दाखवलं, की असा जोड पटापट, पुन्हा पुन्हा चेतवला तर तो पुढे कित्येक तास जोरकस राहतो. एरिक कँडेल समुद्री गोगलगायीवर काम करत होते. थोड्या सरावानं असलेलेच जोड तात्पुरते बळकट होतात, अनेक दिवसांच्या सरावानं मात्र नवे जोड फुटतात, हे त्यांना दिसलं. 2000 साली त्यांना नोबेल मिळालं. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणाऱ्यांनी ही गोगलगाय आठवावी.

आता दुसरी बाजू. भीतीसुद्धा अशीच मुरते. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास जखडून ठेवलं. आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. भीती सांभाळणाऱ्या अमिग्डालात त्या उलट वाढल्या. मग 21 दिवस त्रास बंद केला. हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डालातली वाढ तशीच राहिली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण 'झालं ते झालं, आता विसर' हे सांगणं किती पोकळ आहे, ते यावरून कळतं.

हे मी माझ्या आपालाच म्हणायचो. बारावीनंतर ती बोलेनाशी झाली. झोप नाही, जेवण नाही, वाचलेलं लक्षात राहीना. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं ईमान कच्चं. पाच वेळ नमाज पढणाऱ्या मुलीला हे ऐकावं लागलं! तावीज झाले, एका बाबाच्या फेऱ्या झाल्या, आठ महिने गेले. मी कॉलेजात विज्ञान शिकत होतो आणि गप्प होतो.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. दहा दिवसांत फरक नाही म्हणून अम्मी गोळ्या बंद करायला निघाली. डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं: गोळी रसायनावर लवकर काम करते, पण बरं वाटायला काही आठवडे लागतात. मेंदूतले जोड हळूहळू बदलत असावेत, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. अम्मीला ते दौराच्या भाषेत लगेच पटलं. गोळ्यांबरोबर समुपदेशनही चाललं. सहाव्या आठवड्यात आपानं स्वतःहून चहा मागितला.

दुआ सोडा असं मी म्हणत नाही. अबू जैद अल-बल्खी हे दहाव्या शतकातले आपलेच विद्वान. कारण असलेलं दुःख आणि कारण न दिसणारं दुःख त्यांनी तेव्हाच वेगळं केलं होतं, आणि दोन्हींवर उपाय लिहिले होते. ईमान मोजत बसले नव्हते.

टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फोनमध्ये ठेवा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. प्रश्न आत्ता विचारा. सगळ्यांसमोर नको वाटत असेल, तर चहा संपेपर्यंत मी मागच्या बाकावर आहे.