वजा अंकोला ते कुमटा

या उकाड्यात झगे घालून मुकाट बसलेल्या पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

माझी ओळख करून देताना आत्ता सांगितलं गेलं की मी पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत एकटा सायकलने गेलो. तेव्हा मी खाली मान घालून बसलो होतो, ती विनयाने नव्हे. त्या वाक्यात एक चूक आहे आणि इतकी वर्षं ती मीच चालू दिली आहे. तिच्याकडे येतोच.

२०१६च्या डिसेंबरात निघालो. ताम्हिणी उतरून कोकणात आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेला. नकाशात हा रस्ता सपाट वाटतो. प्रत्यक्षात दर खाडीशी उतार, फेरीबोट आणि पलीकडे लगेच दम काढणारा चढ. बाणकोटची खाडी झाली, दाभोळची झाली. धोपाव्याला उतरून गुहागर मागे टाकलं आणि हेदवीच्या अलीकडे मागचं चाक बसलं.

पंक्चर मला काढता येत होतं. ठिगळ लावलं, हवा भरली, निघालो. चार किलोमीटरवर चाक पुन्हा बसलं. पुन्हा ठिगळ. तिसऱ्यांदा बसलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, पोटात सकाळचे दोन वडे होते आणि मी गडग्यावर बसून चिपळूणहून पुण्याला जाणारी एसटी किती वाजता आहे ते शोधत होतो. एकट्याच्या प्रवासात हेच अवघड असतं. चढ काय, जमतात. पण चिडायला समोर कोणी नसतं आणि ‘आधी दोन घास खा, मग काय ते ठरव’ असं म्हणणारंही कोणी नसतं. माझं घरी परतायचं ठरलं होतं ते भुकेने, हे मला जेवल्यावर कळलं.

सायकल ढकलत पुढच्या वाडीत आलो. तिथे एका आजोबांची टपरी होती. पाण्याचं घमेलं, पायपंप, सोल्युशनची पिळून चपटी झालेली ट्यूब. त्यांनी माझ्या पंक्चरकडे पाहिलंसुद्धा नाही. टायर सोडवला, उलटा केला आणि आतून अंगठा फिरवत निघाले, अगदी सावकाश. अर्ध्या फेरीत थांबले. पकडीने एक तार ओढून काढली. केसाएवढी बारीक, ट्रकचे टायर फुटतात तेव्हा रस्त्यावर सांडते तसली. बाहेरून दिसतच नव्हती.

“ट्यूब काय करील बिचारी?” ते म्हणाले. “टायर चाचपलात काय?”

नव्हता चाचपला. दर वेळी भोक बुजवत होतो आणि भोक पाडणारी तार सांभाळून पुढे नेत होतो. आजोबांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, “जेवलात?”

अशी तार मी आधीही सांभाळली होती. इंजिनिअरिंगला मी एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, तीनदा बसलो. दर वेळी जास्त तास अभ्यास केला, नवी गाइडं आणली. खरी गोची अकरावीच्या त्रिकोणमितीत होती आणि अकरावीचं पुस्तक उघडायची लाज वाटत होती. तुमच्यापैकी काही जण कॅम्पस मुलाखतींतून रिकाम्या हाताने परत आले असतील. अर्ज आणखी पन्नास ठिकाणी करा, जरूर करा. पण त्याआधी एक संध्याकाळ काढा आणि आपण नेमके कोणत्या फेरीत, कोणत्या प्रश्नाला अडखळतो ते चाचपा. पोटभर जेवून.

सायकलवरचे खरे हाल तर इतरांनी सोसले. २०१८मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने वयाच्या विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाची फेरी केली. स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटलं, कॅनडात अस्वल मागे लागलं. तिच्यापुढे माझी तार म्हणजे गंमतच आहे. मला मात्र जास्त जवळचा वाटतो तो टॉमस स्टीव्हन्स. १८८४ साली हा गडी पुढचं चाक भलंमोठं आणि मागचं चिमुकलं असलेल्या सायकलवर सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने निघाला. अमेरिका, युरोप, तुर्कस्तान, इराण. अफगाणिस्तानात त्याला अटक झाली आणि परत इराणच्या हद्दीत आणून सोडलं. मग लांबचा वळसा घेऊन तो बोटीने कराचीला आला, लाहोरहून पुन्हा सायकलवर बसला, कलकत्त्याला पोचला आणि चीन-जपान करत डिसेंबर १८८६मध्ये योकोहामात थांबला. प्रवासावर त्याने दोन जाडजूड खंड लिहिले. त्यात ती अटकही आहे आणि बोटही आहे.

आता माझी बोट.

गोव्यात सायकल उजव्या अंगावर पडली. गिअर ज्यावर लटकतो तो हँगर किंचित वाकला. दुसऱ्या दिवसभर गिअर कुरकुरत होता. हेदवीला शहाणा होऊन जेमतेम आठवडा झाला होता, तरी मी तेल घातलं आणि पुढे गेलो. अंकोल्याजवळच्या चढावर सर्वांत हलका गिअर टाकला तसा तो फिरत्या तारांमध्ये घुसला आणि हँगर तुटला. चेन तोडून आखूड केली असती तर एका गिअरवर जाता आलं असतं. पण चेन तोडायचं हत्यार मी वजन वाचवायला पुण्यात ठेवून आलो होतो. शंभर-दीडशे ग्रॅम असेल.

माशांचा एक रिकामा टेम्पो थांबला. बर्फाच्या पाण्यात सायकल आडवी टाकली आणि कुमट्याला उतरलो. तिथल्या मिस्त्रीने दहा मिनिटांत चेन आखूड करून दिली. पुढे कन्याकुमारीपर्यंत सायकलनेच गेलो, हे मात्र खरं.

टेम्पोत बसल्याचं मला दुःख नाही. तशी वेळ आली तर तुम्हीही बसा. लाज वाटते ती नंतरची. व्याख्यानं दिली, स्लाइड दाखवल्या, पण टेम्पोचा फोटो कधी लावला नाही. एकदा वगळलं की पुढच्या वेळी सांगणं जड जातं, तसं होत गेलं.

तेव्हा प्राचार्यांना विनंती आहे. आजच्या कार्यक्रमाचा अहवाल छापाल तेव्हा माझ्या ओळखीत एवढी दुरुस्ती करा: पुणे ते कन्याकुमारी, वजा अंकोला ते कुमटा.