पाळणा लांबविण्याचें शास्त्र

ज्या विषयाचें नांव निघतांच वडील मंडळी वर्तमानपत्रांत डोकें घालतात, आई मुलींना कांहीं तरी काम सांगून स्वयंपाकघरांत पिटाळते आणि मुलगे खिडकीबाहेर पाहूं लागतात, असा एक विषय प्रत्येक सुशिक्षित घरांत आहे. मूल कसें होतें, केव्हां होतें, आणि नको असतां तें होऊं नये म्हणून काय करतां येतें, हा तो विषय. तो टाळल्यानें घरांतून जात नाहीं. कधीं ना कधीं ज्याला त्याला तो समजून घ्यावाच लागतो. प्रश्न एवढाच, कीं हें ज्ञान वेळेवर आणि जाणत्या माणसाकडून मिळावें, कीं उशिरां आणि कुजबुजींतून मिळावें? ह्या दोहोंमधील फरकाची किंमत बहुधा घरांतील एकच व्यक्ति देते, आणि ती व्यक्ति म्हणजे त्या घरची आई.

महाराष्ट्रांत हा विचार ज्या पुरुषानें आयुष्यभर हट्टानें मांडला, त्याच्या चरित्राच्या पहिल्याच पानांवर अशी एक आई भेटते. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजीं झाला. वडील धोंडो केशव कर्वे हे पुढें स्त्रीशिक्षणाच्या कार्यामुळें महर्षि म्हणून सर्वांस वंद्य झाले. आई राधाबाई. १८९१ सालीं बाळंतपणांत राधाबाईंचा अंत झाला, तेव्हां रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता. त्या काळीं असे मृत्यु इतके नित्याचे होते, कीं लोक हळहळत, 'देवाची इच्छा' म्हणत आणि आपापल्या कामाला लागत. ह्या एका मृत्यूमुळेंच रघुनाथरावांनीं पुढील कार्य हातीं घेतलें, असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु बाळंतिणीच्या खोलींत एखादें घर काय गमावून बसतें, हें त्यांना पुस्तकांत वाचावें लागलें नव्हतें, एवढें खरें.

१८९९ सालच्या मॅट्रिकच्या परीक्षेंत ते पहिले आले. पुढें ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ सालीं लंडनमध्यें मेरी स्टोप्स या विदुषीनें संततिनियमनाचें केंद्र उघडलें. त्याच वर्षीं मुंबईंत कर्वे यांनीं आपलें केंद्र सुरू केलें. १९२३ सालीं ह्या विषयावरील त्यांचें मराठी पुस्तक निघालें. १९२५ सालीं ह्याच मतांपायीं विल्सन कॉलेजांतील प्राध्यापकी सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. पतिपत्नींनीं स्वतःस मूल होऊं दिलें नाहीं. पदरचे पैसे घालून, लोकांचे टोमणे ऐकून हा संसार चालला, आणि त्यांत पत्नी मालतीबाई यांचा वाटा लहान नव्हता.

वाचक ह्या मासिकाकडे प्रश्न पाठवीत आणि कर्वे त्यांस सरळ उत्तरें देत. अशाच उत्तरांवरून १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जें मासिक लैंगिक विषयाच्याच शिक्षणासाठीं निघतें, त्यानें वाचकांच्या शंकांचें शास्त्रीय निरसन केलें तर त्याला अश्लील कसें म्हणावें, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. न्यायालयानें तो मानला नाहीं आणि कर्वे यांस दंड झाला. परंतु त्या खटल्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. लोकांच्या मनांत प्रश्न होते, आणि ते विचारण्यास त्यांना दुसरी जागा नव्हती.

हे प्रश्न कोणते, तें पाहूं गेल्यास त्यांचें मूळ शरीराच्या साध्या माहितींत सांपडतें. वयांत आलेल्या स्त्रीच्या उदरांत गर्भाशयाच्या दोहों बाजूंस एकेक बीजकोश असतो. सामान्यतः दर महिन्यास एक स्त्रीबीज त्यांतून बाहेर पडतें आणि नळीवाटे गर्भाशयाकडे येऊं लागतें. गर्भाशय आंतून मऊ अस्तर तयार करून त्याची वाट पाहत असतें. बीजाचा पुरुषाच्या शुक्रजंतूशीं संयोग झाला, तर गर्भ त्या अस्तरांत रुजतो. न झाला, तर तें अस्तर रक्तासह गळून पडतें. हीच मासिक पाळी. तींत अमंगळ असें कांहीं नाहीं. उलट, आलेल्या पाहुण्यासाठीं मांडलेलें ताट तो न आल्यामुळें उचलून ठेवावें, इतका तो साधा व्यवहार आहे. मुलीला पहिली पाळी येण्यापूर्वींच आईनें हें चार वाक्यांत सांगून ठेवलें, तर ती मुलगी त्या दिवशीं भिऊन रडत बसणार नाहीं. मुलालाहि हें सांगावें, म्हणजे तो बहिणीची थट्टा करणार नाहीं.

हें बीज केव्हां सुटतें, ह्याविषयीं एकोणिसाव्या शतकांतील पुष्कळ डॉक्टरहि चुकत होते. पाळीच्या आसपास गर्भ राहण्याचा संभव अधिक आणि महिन्याच्या मध्यावरचे दिवस निर्धोक, असें ते सांगत. वस्तुस्थिति नेमकी उलट होती. जपानांतील ओगिनो यांनीं १९२४ सालीं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियांतील क्नाउस यांनीं स्वतंत्रपणें दाखवून दिलें, कीं पुढची पाळी येण्यापूर्वीं सुमारें चौदा दिवस बीज सुटतें. बीज जेमतेम एक दिवस टिकतें. शुक्रजंतु मात्र स्त्रीच्या शरीरांत पांच दिवसांपर्यंत जिवंत राहूं शकतात. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्यापूर्वींचे पांच दिवस हे गर्भधारणेचे दिवस होत. तरीहि केवळ दिनदर्शिकेवर विसंबणें शहाणपणाचें नाहीं. आजारपण, प्रवास, काळजी ह्यांमुळें पाळी मागेंपुढें होते, आणि मागची मोजदाद पुढची पाळी येईपर्यंत कळतच नाहीं.

दुसरी एक चुकीची समजूत ह्याहून क्रूर आहे. लागोपाठ मुली झाल्या, कीं दोष सुनेच्या माथीं येतो. १९०५ सालापासून शास्त्राला हें ठाऊक झालें आहे, कीं मूल मुलगा होणार कीं मुलगी, हें पित्याच्या शुक्रजंतूंतील गुणसूत्रावर ठरतें. आईच्या बीजांत एकाच प्रकारचें लिंगसूत्र असतें. पित्याच्या शुक्रजंतूंत दोन प्रकारचे असतात. पिताहि तें जाणूनबुजून ठरवीत नाहीं, म्हणून दोष त्याचाहि नव्हे. परंतु मुलाच्या आशेनें पांचव्या, सहाव्या बाळंतपणास सामोरी जाणाऱ्या बाईला ज्यांनीं बोल लावला, त्यांनीं निदान एवढें शिकून घ्यावयास हवें होतें.

बाळंतपणांतील अंतराचा प्रश्न येथूनच सुरू होतो. गर्भारपण, प्रसूति आणि अंगावर पाजणें ह्या तिन्ही अवस्थांत आईचें रक्त, लोह आणि चुना बाळाकडे जातो. ही तूट भरून येण्यापूर्वींच दुसरा गर्भ राहिला, तर आई पांढरीफटक होते, बाळ अपुऱ्या दिवसांचें किंवा कमी वजनाचें जन्मण्याचा धोका वाढतो, आणि आधींच्या बाळाचें दूध तुटतें. म्हणून एका मुलाच्या जन्मानंतर पुढचा गर्भ राहण्यापूर्वीं निदान दोन वर्षें जाऊं द्यावींत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्या बायका ह्यालाच 'पाळणा लांबविणें' म्हणतात. शब्द घरगुती आहे, पण त्यांत सगळें शास्त्र आलें.

अंगावर पाजत असतां दिवस जात नाहींत, असा एक भरंवसा जुन्या बायका देतात. तो अर्धाच खरा आहे. मूल सहा महिन्यांच्या आंतील असावें, त्याला रात्रंदिवस केवळ आईचेंच दूध मिळत असावें आणि पाळी परत आलेली नसावी, ह्या तिन्ही अटी पुऱ्या होतात तोंवरच तो भरंवसा खरा. त्यांतील एक जरी सुटली तरी तो उरत नाहीं. पाळी येण्यापूर्वीं बीज सुटतें. म्हणून पाळी न येतांच पुन्हां दिवस गेल्याचीं उदाहरणें घरोघर सांपडतात.

आतां उपायांविषयीं. पुरुषानें वापरावयाची रबरी पिशवी, म्हणजे निरोध, हें साधन स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. शिवाय गुप्तरोगांपासून बचाव करण्याचा गुण त्याच्याच ठायीं आहे. तांबी एकदां बसविली म्हणजे तिच्या प्रकारानुसार दहा वर्षांपर्यंत काम करते, आणि मूल हवेंसें वाटेल तेव्हां काढतां येते. गोळ्या नियमानें घेतल्या तरच उपयोगी. पाजणाऱ्या आईनें किंवा रक्तदाब असलेल्या स्त्रीनें कोणती गोळी घ्यावी, हें डॉक्टरांस विचारूनच ठरवावें. ज्यांना आणखी मूल नको, त्यांच्यासाठीं स्त्रीची किंवा पुरुषाची शस्त्रक्रिया आहे. साधनांपैकीं कोणतेंहि शंभर टक्के खात्रीचें नाहीं, परंतु 'होईल तें होईल' ह्या धोरणापेक्षां प्रत्येक साधन कितीतरी पटींनीं बरें. आणि एवढें करूनहि नको असतां दिवस गेले, तर वैदूकडे अगर सुइणीकडे चोरून जाण्याचें कारण नाहीं. १९७१ च्या कायद्यानें आणि त्याच्या २०२१ मधील दुरुस्तीनें ठराविक मुदतींत मान्यताप्राप्त डॉक्टरकडून गर्भपात करून घेण्यास वाट ठेविली आहे. आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमति त्यास पुरेशी असते, पतीची सही कायदा मागत नाहीं.

ह्या साधनांस नीतीच्या दृष्टीनें झालेला विरोध क्षुल्लक नव्हता. डिसेंबर १९३५ मध्यें अमेरिकेंतील मार्गारेट सँगर ह्या वर्धा येथें महात्मा गांधींस भेटल्या. संततीवर नियमन असावें हें गांधींना मान्य होतें. परंतु तें संयमानें व्हावें, कृत्रिम साधनांनीं नव्हे, हें त्यांचें मत त्या भेटींत ढळलें नाहीं. संयमाचें मोल कोणीहि नाकारणार नाहीं. पण व्यवहारांत एक गोष्ट विसरतां येत नाहीं. संयम दोघांनीं पाळावयाचा असतो, आणि तो मोडला तर नऊ महिने भार मात्र एकीनेंच वाहावयाचा असतो. दोघांच्या चुकीची शिक्षा एकीलाच देणारी नीति अपुरी आहे. साधनें ती उणीव भरून काढतात.

कर्वे हयात असतांनाच, १९५२ सालीं, भारत सरकारनें कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. त्यानंतर जें घडलें त्यांत चांगलें पुष्कळ आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें देशांत दर स्त्रीमागें जन्मांचें प्रमाण २ वर आणि महाराष्ट्रांत १.७ वर आलें. २०१८ ते २०२० ह्या काळांत देशांत दर लाख जिवंत जन्मांमागें ९७ माता दगावल्या; महाराष्ट्रांत हा आंकडा ३३ होता. राधाबाईंच्या काळाशीं तुलना केली तर हा फार मोठा पल्ला आहे. पण ज्या ३३ घरांतील आई गेली, त्या घरांना ह्या तुलनेचें समाधान नाहीं.

त्याच पाहणींत आणखी एक आंकडा आहे. विवाहित जोडप्यांत स्त्रीची शस्त्रक्रिया झालेलीं जवळजवळ ३८ टक्के, आणि पुरुषाची शस्त्रक्रिया झालेलीं हजारांत तीन! वास्तविक दोहोंत पुरुषाची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी. स्त्रीच्या पोटांत शिरावें लागतें. पुरुषाला बधिर करण्याची सुई देऊन थोड्या मिनिटांत काम होतें आणि तो त्याच दिवशीं घरीं जातो. मात्र पुढचे सुमारें तीन महिने, तपासणींत शुक्रजंतु नाहींत असें ठरेपर्यंत, दुसरें साधन वापरावें लागतें. तिनें पौरुष जात नाहीं, शक्ति जात नाहीं, आवाज बदलत नाहीं. केवळ शुक्रजंतूंची वाट बंद होते.

तरी पुरुष मागें कां? ह्याचें एक कारण इतिहासांत आहे. १९७६-७७ ह्या एका वर्षांत देशांत ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, बहुसंख्य पुरुषांवर, आणि त्यांतल्या कितीएक सक्तीनें. जें समजावून करावयाचें तें धाकानें केलें गेलें, आणि त्या धाकाची भीति पिढ्यांपिढ्या उरली. कर्वे यांच्या मार्गांत सक्तीला जागा नव्हती. त्यांचें साधन होतें माहिती. मात्र भीति हें एकच कारण नव्हे. दुसरें कारण अधिक जुनें आहे. 'तिचें ऑपरेशन करून टाकूं' हें वाक्य घरोघर इतक्या सहजतेनें उच्चारलें जातें, कीं त्यांत कांहीं ठरविण्याजोगें होतें, हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

म्हणून लग्न ठरलेल्या मुलामुलींनीं पत्रिका आणि पगार ह्यांबरोबर आणखी एक बोलणें करावें. मूल केव्हां हवें, किती हवीं, आणि तोंपर्यंत काळजी कोणी घ्यावयाची? दुसऱ्या बाळंतपणानंतर दवाखान्यांत विचारलें जाईल, तेव्हां पतीनें बाहेरच्या बांकावर बसून न राहतां आंत जावें आणि डॉक्टरांना विचारावें, 'माझ्यावर काय करतां येईल?' ह्या एका वाक्यानें त्या स्त्रीला जेवढा विसांवा मिळेल, तेवढा कोणत्याहि डोहाळजेवणानें मिळणार नाहीं.

१८९१ सालीं एका नऊ वर्षांच्या मुलाला घरांतील मोठ्या माणसांनीं काय सांगितलें असेल, तें कोणास ठाऊक! देवाघरीं गेली, एवढेंच बहुधा सांगितलें असेल. त्या काळीं त्याहून अधिक सांगण्यासारखें माणसांच्या हातीं फार नव्हतें. आज आहे. आज जें घर तें सांगत नाहीं, त्याला दैवाकडे बोट दाखविण्याचा अधिकार उरलेला नाहीं.