कॉलेजची तयारी आठवीपासून

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की पालक गुणपत्रिका हातात घेऊन विचारतात, "सर, आता पोराला कुठे घालू?" प्रश्न योग्य आहे, पण वेळ चुकलेली असते. हा प्रश्न आठवीत विचारावयास हवा. आपल्या मुलांत बुद्धीची कमतरता नाही. कमी पडतो तो तयारीचा काळ.

सच्चर समितीने २००६ साली आपल्यासमोर आरसा धरला. देशातील नामवंत कॉलेजांत पदवीच्या दर पंचवीस विद्यार्थ्यांत मुस्लिम विद्यार्थी अवघा एक, असे त्या समितीला आढळले. ही गळती कॉलेजच्या दारात सुरू होत नाही. ती शाळेतच सुरू होते. म्हणून आज मी तीनच गोष्टी सांगणार आहे.

पहिली गोष्ट भाषेची. आपले मूल दहावीपर्यंत उर्दूत किंवा मराठीत शिकते आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी पुस्तक हाती येते. 'मुसल्लस' म्हणजेच त्रिकोण आणि तोच 'ट्रँगल', 'कुव्वत' म्हणजेच बल आणि तेच 'फोर्स', हे कळेपर्यंत सहामाही परीक्षा येते. विषय मुलाला येत असतो, पण शब्द अडवतो. नीट परीक्षा २०१८ पासून उर्दूतूनही देता येते हे खरे. परंतु इंजिनिअरिंगसाठी जी राज्याची सीईटी असते, तिचा गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. त्या परीक्षेत सुमारे वीस टक्के भाग अकरावीचा असतो, म्हणजे अकरावीचे वर्ष शब्द शिकण्यात घालविणे परवडणारे नाही. उपाय साधा आहे. आठवीत एक वही करा. तिच्यात तीन रकाने आखा : उर्दू, मराठी, इंग्रजी. गणित व विज्ञानाचे रोज पाच शब्द लिहा. तीन वर्षांत वही भरेल आणि भीती जाईल. यासाठी शिकवणी लागत नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. परंतु दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात पुष्कळदा नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मग दुसरा पुरावा शोधावयाचा, तहसील कचेरीत खेटे घालावयाचे आणि पुढे जात पडताळणी करावयाची. हे काम प्रवेशाच्या आठ दिवसांत होत नाही. मूल आठवीत असतानाच आजोबांच्या, चुलत आजोबांच्या शाळेचा उतारा काढा. आधार कार्ड आणि शाळेच्या दाखल्यावरील नावाचे स्पेलिंग एक आहे की नाही, तेही तेव्हाच पाहा.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि त्यासोबत मुलींची. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. शासकीय, स्थानिक संस्थांच्या किंवा अनुदानित शाळेतील ज्या मुलांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत आहे, त्यांना ती देता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मात्र पुढे चालू राहण्यासाठी दहावीत साधारण साठ टक्के गुण हवेत. ही संधी फक्त आठवीतच येते, पुन्हा नाही.

मुलींच्या पालकांना माझी विशेष विनंती आहे. शासनाने २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या इतर मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असले पाहिजे. म्हणजे मघाशी सांगितलेला दाखला येथेही लागणारच. जळगावला १९९६ पासून शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज आहे, २०१८ पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे, आणि पाचोऱ्याहून जळगावला रेल्वे आहे. मुलीला दहावीनंतर पाठवावयाचे की नाही, हे निकालाच्या दिवशी घाईत ठरवू नका. ती आठवीत असताना घरात बसून, तिला जवळ बसवून बोला. आपल्याला पुढे शिकावयाचे आहे हे तिला कळले, तर ती नववीत वेगळ्याच उमेदीने अभ्यास करील.

यवतमाळच्या अदीबा अनम या रिक्षाचालकाच्या कन्या. उर्दू शाळेत शिकल्या, पुण्यात गणित घेऊन पदवीधर झाल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये यूपीएससीच्या निकालात देशात १४२ व्या आल्या. प्रत्येकाने कलेक्टर व्हावे असे माझे म्हणणे नाही. कोणी आयटीआयला जाईल, कोणी पॉलिटेक्निकला, कोणी डी.एड.ला. पण जेथे जाईल तेथे स्वतः निवडून जावे, उरलेल्या जागेवर नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, वही आज आणा. पालकांनो, उतारा या महिन्यात काढा. अल्लाह आपल्या मेहनतीला यश देवो.