गवताच्या वाफ्यांतील हिशेब



गवत हा काय व्याख्यानाचा विषय आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. कामगारांच्या मागण्यांसाठी कारखान्यांचे ताळेबंद वाचता वाचता आकड्यांशी आमची ओळख झाली. ताळेबंद वाचणाराला एक खोड असते. नफा मोठा दिसला की तो कोणाच्या पदरातून आला, हे तो शोधू लागतो. आज ज्या संशोधनाविषयी बोलावयाचे आहे, त्यात हाच प्रश्न जमिनीला विचारलेला आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराच्या उत्तरेस, सीडर क्रीक नावाचे ठिकाण आहे. जमीन रेताड आणि नत्राच्या बाबतीत दरिद्री. मिनेसोटा विद्यापीठाचे डेव्हिड टिलमन यांनी १९८२ साली तेथे प्रयोग मांडला. चार रानांत मिळून २०७ वाफे आखले. काहींना काहीच दिले नाही. बाकीच्यांना इतर पोषकद्रव्ये सारखी दिली, नत्र मात्र कमीजास्त ठेवले. म्हणजे त्यांच्यात पुढे फरक दिसेल तो नत्राचाच.

गवत वाढले, भारा मोठा झाला. येथपर्यंत कोणीही शेतकरी म्हणेल, यात नवल ते काय! परंतु जाती मोजल्या तेव्हा, सर्वांत अधिक नत्र मिळालेल्या वाफ्यांत त्या निम्म्याहूनही कमी उरल्या होत्या. कारण समजण्यासारखे आहे. गरीब जमिनीत झगडा मुळांशी चालतो, आणि थोडक्या नत्रावर निभावणारे काटकसरी गवत तेथे टिकते. नत्राची चंगळ झाली की झगडा वर उजेडासाठी सुरू होतो. झपाट्याने वाढणारे एखाददुसरे गवत सर्वांवर सावली धरते, त्याच्या वाळल्या काडीचा थर जमिनीवर साचतो, आणि खालची रोपटी गुदमरतात.

पुढे १९८८ साली कडक अवर्षण पडले. थोड्या जातींच्या वाफ्यांतील गवत पूर्वीच्या सुमारे आठव्या हिश्श्यावर आले. पुष्कळ जातींच्या वाफ्यांत ते निम्म्यावर थांबले. टिलमन आणि जॉन डाउनिंग यांनी १९९४ साली हे प्रसिद्ध केले, तेव्हा शास्त्रज्ञांत वाद माजला. १९९७ साली मायकेल हस्टन यांनी आक्षेप घेतला की, ज्या वाफ्यांत जाती कमी होत्या, त्यांनाच तर नत्र जास्त दिलेले होते. मग फरक जातींच्या संख्येमुळे पडला हे कशावरून? आक्षेप वजनदार होता. त्याचे उत्तर युक्तिवादाने नव्हे, तर वाफ्यांनीच द्यावयास हवे होते. १९९४ सालीच सुरू झालेल्या दुसऱ्या प्रयोगात १६८ वाफ्यांत एक, दोन, चार, आठ किंवा सोळा जाती मुद्दाम पेरल्या होत्या. कोणत्या जाती कोठे, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरविले होते. दहा वर्षांचा हिशेब २००६ साली निघाला. जाती अधिक तेथे वर्षावर्षांचे उत्पन्न अधिक स्थिर!

या वाफ्यांत पेरल्यावाचून दुसरे काही उगवू द्यावयाचे नाही, म्हणजे हातांनी निंदणी आली. कापलेले गवत निवडायचे, वाळवायचे, तोलायचे. हे काम उन्हाळ्यात तरुण मुलेमुली करतात. निबंधावर नावे चारदोघांची असतात. आमचे लक्ष प्रथम या निंदणाऱ्या हातांकडे गेले, हे आपण समजून घ्याल.

आता आपल्या काळजीची गोष्ट. टिलमन व त्यांचे सहकारी क्रिस्टोफर क्लार्क यांनी २००८ साली दाखविले की, हेक्टरी वर्षाला अवघे १० किलो नत्र वर्षानुवर्षे पडत राहिले, तरी जाती १७ टक्क्यांनी घटतात. एवढे नत्र जगात अनेक ठिकाणी कोणी हाताने न टाकताही पडते. मोटारींच्या आणि भट्ट्यांच्या धुरातून, खतांतून व जनावरांच्या शेणमुतातून उडालेल्या अमोनियातून ते हवेवाटे येते. आणि थांबविले म्हणजे सर्व पूर्ववत होते असेही नाही. सीडर क्रीकच्या काही वाफ्यांचे खत १९९२ साली बंद केले. जेथे ते भरपूर दिले होते, तेथे वीस वर्षांनंतरही गेलेल्या जाती परतल्या नव्हत्या.

यावरून खत वाईट, असे कोणी घेऊन जाऊ नये. पिकाला नत्र लागतेच. तिकडचे आकडे दख्खनच्या माळाला जसेच्या तसे लावणेही बरे नव्हे. परंतु पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते नावानिशी ओळखणारा धनगर आपल्याकडे आहे. त्याच्या कुरणाची किंमत केवळ भाऱ्याच्या वजनावर करू नये, एवढे तरी यातून शिकता येईल.

कारखान्याच्या आतला धूर मोजा, ही मागणी आम्ही जन्मभर केली. तो धूर भिंतीबाहेर कोठे उतरतो आणि काय मारतो, हेही त्याच वहीत लिहिले गेले पाहिजे. गवताला संघटना नाही. त्याची बाजू कोणीतरी मोजूनच मांडावी लागते.